नेरुळची वाचनसभा आणि पूर्व जर्मनीतली एक खूनकथा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्याच्या चौथ्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी माझी कादंबरी वाचते. ती अजून लिहून व्हायची आहे. दर खेपेला एक प्रकरण, मग चहा आणि गप्पा. नवीन येणारे बहुतेक तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत.

सभा केव्हा असते? नाव नोंदवावं लागतं का?

चौथा रविवार, संध्याकाळी पाच वाजता. नाव नोंदवायचं नाही, पैसे नाहीत. ठाण्याहून येणाऱ्यांना ट्रान्स-हार्बरची लोकल सोयीची पडते, नेरुळला उतरलं की हॉल चालत जाण्यासारखा आहे. मधली प्रकरणं चुकली असतील तर सुरुवातीला दहा मिनिटं मागची गोष्ट सांगते.

गोष्ट काय आहे?

१९८१ चा हिवाळा. पूर्व जर्मनीतल्या, म्हणजे तेव्हाच्या साम्यवादी जर्मनीतल्या, एका नव्या वसवलेल्या शहरात रसायनांच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये काम करणारी त्रेचाळीस वर्षांची बाई एक दिवस कामावर येत नाही. चार दिवसांनी तिच्या फाइलवर शेरा पडतो : देश सोडून पश्चिमेकडे पळाली. त्या राज्यात परवानगीशिवाय सीमा ओलांडणं हा गुन्हा होता. त्याला ते ‘प्रजासत्ताकातून पलायन’ म्हणत. म्हणजे या एका शेऱ्यानं बेपत्ता बाई आरोपी झाली आणि तिला शोधायची जबाबदारी संपली.

घराची झडती घ्यायला गेलेल्या पोलिस लेफ्टनंटला स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं दिसतं. त्यावर तिचा चष्मा ठेवलेला असतो, जाड काचांचा, एका काडीला दोऱ्यानं बांधलेला. त्या चष्म्याशिवाय तिला बसचा नंबरही वाचता येत नसे, असं शेजारीण सांगते. अशी बाई चष्मा टेबलावर ठेवून सीमेकडे निघेल का? लेफ्टनंटच्या डोक्यात हा प्रश्न शिरतो आणि इथून कादंबरी सुरू होते.

ही खरी घटना आहे का?

बाई, लेफ्टनंट, चष्मा, सगळं माझ्या मनातलं. पण बीज खऱ्या घटनेत आहे.

१९८१ च्या जानेवारीत हाले-नॉयश्टाट या शहरातला सात वर्षांचा मुलगा बेपत्ता झाला. दोन आठवड्यांनी रेल्वेच्या रुळांशेजारी एका सुटकेसमध्ये त्याचा मृतदेह सापडला. सुटकेसमध्ये जुनी वर्तमानपत्रं आणि मासिकं कोंबलेली होती आणि त्यांतली शब्दकोडी कुणीतरी हातानं सोडवलेली होती. पोलिसांच्या हाती धागा म्हणावा असा तेवढाच, चौकोनांतली ती अक्षरं. मग हस्ताक्षरांचे नमुने गोळा करायला सुरुवात झाली. सरकारी अर्ज तपासले, रद्दी गोळा करून तपासली. अक्षर जुळलं तेव्हा नमुन्यांचा आकडा ५,५१,१९८ वर गेला होता आणि १९८२ चा नोव्हेंबर उजाडला होता. ज्या बाईचं अक्षर जुळलं ती खुनी नव्हती. खून तिच्या मुलीच्या मित्रानं केला होता. त्या बाईनं फक्त कोडी सोडवली होती.

त्या मुलाचं नाव आणि घरच्यांचे तपशील मी सभेत सांगत नाही, कादंबरीतही त्याच्या मृत्यूसारखं काही घेतलेलं नाही. माझ्या गोष्टीत लहान मूल मरत नाही, हे मी लिहायला बसण्याआधीच ठरवलं होतं.

मला जे सोडवत नाही ते वेगळंच आहे. पाच लाखांहून जास्त लोकांचं अक्षर गोळा करता आलं, कारण ‘माझा अर्ज कशाला बघता?’ असं विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. ज्या राज्याची यंत्रणा लोकांची पत्रं वाफेवर उघडायची त्याच राज्यानं एका मुलाचा खुनी शोधून काढला. मी आई आहे. ते माझं मूल असतं तर माझं अक्षर घ्या, अख्ख्या नव्या मुंबईचं घ्या, असंच मी म्हणाले असते. हे मनाशी कबूल केलं तेव्हा कादंबरी लिहायचं धाडस झालं, कारण मग लेफ्टनंटला नुसता भला माणूस ठेवून भागेना. तोही तीच पत्रं उघडतो. चांगल्या कारणासाठी उघडतो.

इतक्या लांबची गोष्ट नेरुळमध्ये बसून का लिहिता?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

हाले-नॉयश्टाट मला परकं वाटलं नाही. १९६४ मध्ये त्याची पायाभरणी झाली, जवळच्या बुना आणि लॉयना इथल्या रसायन कारखान्यांतल्या कामगारांसाठी. एकसारख्या इमारती, आधी आराखडा आणि मग माणसं. तिथं रस्त्यांना नावंच नव्हती. पत्ता म्हणजे ब्लॉकचा नंबर. आमच्याकडे नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने होते आणि आमचा पत्ता सेक्टर, प्लॉट, रो-हाऊस नंबर असा. मी लहानपणी दादरहून इथं आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शाळेतून येताना हरवले होते. सगळ्या इमारती एका रंगाच्या, एका उंचीच्या. एका काकांनी विचारलं, ‘बाळा, कुठे राहतेस?’ मला सेक्टर सांगता आला, पुढचं काही आठवेना. माझ्या लेफ्टनंटच्या शहरात लिहिताना मला तीच दुपार आठवते.

दुसरं कारण बाबांचं आहे. बाबा रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे, निळ्या बॉलपेननं, खाडाखोड न करता. ते गेल्यानंतर तीन महिन्यांनी आईनं रद्दी काढली. रद्दीवाला तराजू धरून दारात उभा, सुतळीनं बांधलेला गठ्ठा मी सहज वर उचलला, तर वरच्याच पानावर बाबांचं कोडं. त्यांचा ‘ळ’ खालच्या रेषेला टेकायचा आणि ‘श’ नेहमी चौकोनाबाहेर जायचा. आडवे अकरा रिकामं राहिलं होतं. गठ्ठा मी परत आत नेला. एखादा माणूस होता, या हातानं त्यानं ही अक्षरं काढली, याला तेवढा कागदच साक्षीदार. मग हालेच्या त्या प्रकरणाबद्दल वाचलं आणि दोन्ही गोष्टी डोक्यात एकमेकींना चिकटल्या त्या अजून सुटलेल्या नाहीत.

सर्वंकष सत्ता म्हणजे हुकूमशाहीच ना?

दोन्हींत फरक आहे आणि खूनकथेला तो उपयोगाचा आहे. साध्या हुकूमशहाला तुम्ही गप्प बसलात तरी चालतं. सर्वंकष सत्तेला गप्प बसणंही पुरत नाही. तुम्ही काय वाचता, मुलांना काय शिकवता, घरी कोण मुक्कामाला आलं, सगळ्यात तिला वाटा हवा असतो. इटलीत १९२३ मध्ये मुसोलिनीचे विरोधक ज्योव्हान्नी आमेंडोला यांनी त्याच्या राजवटीवर टीका करताना ‘सर्वंकष’ (टोटॅलिटेरियन) हा शब्द वापरला आणि पुढे मुसोलिनीनं तोच अभिमानानं मिरवला.

पूर्व जर्मनीत प्रत्येक इमारतीत ‘हाउसबुख’ नावाची वही असायची. तीन दिवसांहून जास्त राहणाऱ्या पाहुण्याची त्यात नोंद करावी लागे. पश्चिमेकडून आलेल्याची तर चोवीस तासांत. हे ऐकून एकानं सभेत विचारलं, आमच्या गेटवर वॉचमनही वही ठेवतो, मग? वही तशीच आहे. आमच्या वहीतली नोंद कोण वाचू शकतं आणि वाचून माझं काय करू शकतं, यावर सगळं अवलंबून आहे. कादंबरीत ती वही सांभाळणारे आजोबा प्रेमळ आहेत, मुलांना सफरचंदं देतात. तेच सर्वांत धोकादायक पात्र आहे.

खून झाल्याचं राज्य खरंच लपवतं का? की तुम्ही रंगवून सांगता?

साम्यवादी राज्यांत गुन्हा हा भांडवलशाहीचा उरलेला अवशेष मानला जाई. समाजवाद आला की गुन्हा ओसरणार, असं तत्त्व. मग साखळी खून करणारा माणूस आपल्या शहरात आहे हे सांगणं म्हणजे तत्त्वच चुकलं म्हणण्यासारखं.

सोव्हिएत संघातल्या शाख्ती गावात १९७८ मध्ये एका मुलीचा खून झाला. पोलिसांनी आधी शिक्षा भोगलेला एक माणूस पकडला, अलेक्सांद्र क्रावचेंको. त्या वेळी तो घरी होता, असं बायको सांगत होती. तिच्यावर दबाव आणला, त्याच्याकडून कबुली घेतली आणि १९८३ मध्ये त्याला मृत्युदंड दिला. खरा खुनी आंद्रेई चिकातिलो मोकळाच राहिला आणि मारत राहिला. त्याला १९८४ मध्ये एकदा पकडलंही होतं, पण रक्तगट जुळत नाही म्हणून खुनांच्या संशयातून वगळलं. अखेर १९९० च्या नोव्हेंबरमध्ये तो सापडला, १९९२ मध्ये ५२ खुनांसाठी दोषी ठरला. त्या काळात त्या भागातल्या आईबापांना ‘मुलांना स्टेशनवर एकटं सोडू नका’ एवढं सांगणारी बातमी वर्षानुवर्षं छापून आली नाही. मला त्या न छापलेल्या बातमीचा सर्वांत जास्त राग येतो. खुनी माणूस विकृत होता. ती बातमी अडवणारा माणूस शहाणासुरता होता, संध्याकाळी घरी जाऊन जेवत होता.

नाझी बर्लिनमध्येही तेच. १९४० आणि ४१ मध्ये ब्लॅकआउटच्या अंधारात लोकलच्या प्रवासात बायकांवर हल्ले होत होते, काहींना धावत्या गाडीतून फेकलं गेलं. आठ जणी मेल्या. वर्तमानपत्रांना मोकळेपणानं लिहायची मुभा नव्हती आणि संशय परदेशी मजुरांवर, ज्यूंवर होता. मारेकरी निघाला पॉल ओगोरत्सोव, रेल्वेचाच कर्मचारी आणि नाझी पक्षाचा सदस्य. १९४१ च्या जुलैमध्ये घाईघाईनं खटला चालवून त्याचा शिरच्छेद केला. रात्रीच्या शेवटच्या लोकलनं ठाण्याहून एकटीनं परतलेल्या कुठल्याही बाईला हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही.

अशा व्यवस्थेत तपास करणारा पोलिस प्रामाणिक कसा असेल?

असू शकतो, आणि तीच त्याची अडचण. पूर्व जर्मनीत खुनांच्या तपासासाठी साध्या पोलिसांचं वेगळं पथक असायचं आणि त्यांत हुशार, चिकाटीचे लोक होते. पण प्रकरणाला राजकीय वास आला की गुप्तचर मंत्रालय, म्हणजे श्टासी, फाइल आपल्याकडे घ्यायचं. त्यांचं स्वतःचं तपासपथक होतं. माझ्या लेफ्टनंटचा सगळा झगडा या एका गोष्टीसाठी : फाइल आपल्या टेबलावर अजून एक आठवडा राहावी.

त्या मंत्रालयाचे प्रमुख एरिश मिल्के. १९५७ पासून १९८९ पर्यंत मंत्री. १९९३ मध्ये त्यांना न्यायालयानं शिक्षा केली ती कशासाठी, तर १९३१ मध्ये बर्लिनमध्ये दोन पोलिस अधिकाऱ्यांचा खून केल्याबद्दल. बत्तीस वर्षं राज्यभरातल्या तपासांवर ज्याचा हात होता, त्याच्याच नावावर जुना पोलिसखून होता. कादंबरीत हे घातलं तर वाचक म्हणतील बाई फार ओढूनताणून लिहितात. म्हणून घातलेलं नाही.

खबरे किती होते?

१९८९ मध्ये श्टासीचे पगारी कर्मचारी सुमारे ९१ हजार आणि बिनपगारी खबरे दीड लाखांहून कितीतरी जास्त, तेही साधारण एक कोटी चौसष्ट लाखांच्या देशात. त्यांच्या फाइली ओळीनं लावल्या तर १११ किलोमीटर होतात. ठाणे ते सीएसएमटी ३४ किलोमीटर. तीनदा अंतर कापूनही फाइली उरतील.

१९९२ च्या जानेवारीपासून लोकांना स्वतःची फाइल वाचता येऊ लागली. टोपणनावामागे कोण होतं हे तेव्हा कळलं. कुणाचा मित्र, कुणाचा सहकारी, काहींच्या बाबतीत घरातलंच माणूस. कादंबरीचं शेवटून दुसरं प्रकरण त्या वाचनखोलीत घडतं, अकरा वर्षांनी.

तिथं फाशी होती का?

मृत्युदंड १९८७ पर्यंत होता. शेवटची अंमलबजावणी २६ जून १९८१ ला लायप्झिगमध्ये झाली. व्हेर्नर टेस्के, श्टासीचाच कॅप्टन, पळून जाण्याच्या बेतासाठी. मागून डोक्यात गोळी. अशा मृत्यूंच्या दाखल्यांवर खोटं कारण लिहिलं जायचं, राख कुठं पुरली ते घरच्यांना सांगत नसत.

हे प्रकरण वाचलं त्या दिवशी ठाण्याचे एक ज्येष्ठ श्रोते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, आमच्या ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी दिलं, तेव्हा त्यांचे देहसुद्धा घरच्यांना दिले नव्हते. इंग्रजांचं राज्य आणि पूर्व जर्मनीचं राज्य एका मापानं मोजता येत नाही. पण मृतदेह परत न देण्यामागची भीती दोन्हीकडे एकच दिसते, आणि त्या काकांमुळे ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं.

ही आणीबाणीची गोष्ट आहे का? आडून काही सुचवता का?

आडून काही नाही. कादंबरी पूर्व जर्मनीचीच आहे. आपली आणीबाणी १९७५ च्या जूनमध्ये आली आणि १९७७ च्या मार्चमध्ये निवडणुकीनंतर संपली. पूर्व जर्मनीत लोकांना पहिली मोकळी निवडणूक मिळाली ती थेट १८ मार्च १९९० ला. दोन्ही एकच म्हणणं दोन्हीकडच्या लोकांवर अन्याय आहे.

तरी लिहिताना एक माणूस माझ्या समोर बसलेला असतो. केरळमधला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी पी. राजन याला १९७६ च्या मार्चमध्ये पोलिसांनी उचललं. वडील टी. व्ही. ईचर वारियर, पेशानं प्राध्यापक, दारोदार फिरले : मुलगा कुठे आहे? त्याच वर्षी २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतानं ठरवलं, की आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही. तो एक म्हणजे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. आणीबाणी उठल्यावर वारियरांनी केरळ उच्च न्यायालयात अर्ज केला, तेव्हा कुठे पोलिस कोठडीतला मृत्यू उघड झाला आणि मुख्यमंत्री करुणाकरन यांना पद सोडावं लागलं. मुलाचा देह मिळालाच नाही. माझ्या कादंबरीत कँटीनमधल्या त्या बाईची म्हातारी आई दर गुरुवारी पोलिस ठाण्यात येऊन बाकावर बसते. तिचं बसणं मी वारियरांकडून घेतलं.

पात्रं एकमेकांना ‘तू’ का म्हणतात?

जर्मनमध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही आहेत, आपल्यासारखेच, पण वापर आपल्यासारखा नाही. पक्षाच्या माणसांत एकमेकांना ‘तू’ म्हणायची रीत होती. पोलिसांत मात्र ‘कॉम्रेड लेफ्टनंट’ असं हुद्द्यासकट आणि ‘तुम्ही’. बर्लिनच्या होहेनशोनहाउझेन तुरुंगात कैद्याला नावच नसायचं, कोठडीचा नंबर असायचा.

अडचण नवराबायकोत आली. जर्मन जोडपं एकमेकांना ‘तू’च म्हणणार. पण १९८१ सालची बायको मराठीत ‘अहो, ऐकलंत का’ अशीच बोलेल, असं एका आजींचं ठाम मत पडलं. मी चार पानं ‘अहो’ घालून लिहून पाहिली. लेफ्टनंटची बायको त्याला विचारते, ‘तू कुणाकुणाची पत्रं उघडलीस?’ तिथं ‘अहो, तुम्ही’ केल्यावर प्रश्नातला जाब निघून गेला. ‘तू’ ठेवलं. आजींनी नंतर ते वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि मान डोलावली.

मुलांना आणलं तर चालेल?

चौदा वर्षांच्या पुढची आणा. त्याहून लहान नकोत.

शेवटी खुनी सापडतो का?

सापडतो. सहा प्रकरणं आधीच लेफ्टनंटला तो माहीत होतो, तुम्हालाही होईल. उरलेली कादंबरी त्या फाइलवरचा ‘पळाली’ हा शेरा खोडून तिथं ‘मृत’ लिहायला किती माणसांच्या सह्या लागतात, याची आहे. म्हातारीला तो एक शब्द हवा आहे.

पुढच्या सभेला येताना काय आणायचं?

पेननं सोडवलेलं एखादं मराठी शब्दकोडं, अर्धवट चाललं तरी हरकत नाही. त्यावर नाव लिहू नका. घरातल्या दुसऱ्या कुणी सोडवलेलं असेल तर त्यांना विचारून आणा. तिसावं प्रकरण वाचून झालं की सगळे कागद लांब टेबलावर मांडू आणि कुठली दोन एका हातची आहेत ते शोधायचा प्रयत्न करू. अ, झ, ण, ल, श, ळ आणि क्ष बघा, या अक्षरांत माणूस पटकन ओळखू येतो. मी बाबांचं पान आणणार आहे, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये असेल, तेवढं हाताळू नका. आणि वाचायचा चष्मा आठवणीनं आणा, चौकोन फार बारीक असतात.